निम्मी सावली आमची

आता स्वयंपाकघरात सकाळी सातलाच ऊन येतं.
एकेचाळीस वर्षं ह्याच उन्हासाठी भांडलो मी.
टेबलावरचा ओरखडा न् ओरखडा दिसतो,
साखरेच्या डब्यावरचे बोटांचे ठसे,
मझियाच्या हनुवटीवरचा एक पांढरा केस,
जो तिनं बहुतेक
सावलीच्या भरवशावर राहू दिला होता.

झाड त्सियालाचं. खोड तिच्या अंगणात.
फांद्यांना कुंपण कुठलं कळायला?
पन्हळ तुंबली की मी शिडीवरून ओरडायचो,
ती खालून:
"तुझ्या छपराला सांग, अक्रोड आधीचा आहे."
खरं होतं ते. तिच्या सासऱ्याच्याही आधीचा.
आमच्या बाजूला पडेल ते आमचं, असं माझं म्हणणं.
ती म्हणायची, लेक दुसऱ्याच्या दारात गेली
म्हणून माय बदलत नाही.
कचेरीत दोन अर्ज दिले मी.
दुसरा अजून पाठ आहे:
"सदर वृक्ष धोकादायक असून
केव्हाही कोसळण्याचा संभव आहे."

द्राक्षं उतरवायच्या आधीच्या आठवड्यात
पूर्वेचा वारा सुटला, तीन रात्री.
तिसऱ्या रात्री आवाज असा काही झाला नाही.
कोणीतरी खूप दमून बसावं, तसं.
माझ्या छपरावर पडला असता
तर मी खरा ठरलो असतो.
पडला तो तिच्या मिरच्यांच्या वाफ्यावर,
आमच्याकडे पाठ करून,
आमची एक कौलसुद्धा न हलवता.

कुताइसीहून लाकूडवाला आला.
टेप लावला, वाकून वास घेतला,
मृताच्या घरी बोलावं तशा खालच्या आवाजात
भाव सांगितला.
करवत मधोमध पोचली आणि किंचाळली.
दाते तुटले. लाकूडवाल्यानं आईवरून शिवी दिली.
खिळा होता आत, हातभर खोल.
माझ्या बापानं, एर्मिलेनं, ठोकलेला,
मी जन्मलो त्या वर्षी,
आमच्या भिंतीपासून त्या खोडापर्यंत
दोरी बांधायला. माझी दुपटी वाळायची तिथं.
दोरी केव्हाच गेली. बाप गेला.
झाडानं मात्र खिळा थोडा थोडा करत गिळला,
वर्षाला एक घोट,
आणि कधी बोललं नाही.

वारलामच्या मयतानंतर
पहिल्यांदा तिच्या फाटकातून आत गेलो.
आडव्या खोडावर बसलो दोघं, अंतर राखून,
आणि शेवटच्या अक्रोडांची हिरवी सालं सोलली
अंधार पडेपर्यंत.
तिची बादली, माझी बादली.
उठताना तिनं माझीही उचलली,
आणि मी काही म्हणालो नाही.

माणूस गेलं की चाळिसाव्या दिवशी
आमच्याकडे टेबल मांडतात.
झाडासाठी कोण मांडतं?
पण चाळिसाव्या संध्याकाळी त्सियालानं कुंपणावर टकटक केली.
हातात मातीचा चंबू, पदार्थ काही नाही, नुसता पाव.
बुंध्यावर पावाचा तुकडा ठेवून
त्यावर वाइन ओतली. लाकूड लगेच प्यायलं.
"बोल," म्हणाली.
मी म्हटलं, मी काय बोलणार?
"का? अर्ज तर छान लिहायचास."

उभा राहिलो. पेला धरला.
अशा वेळी म्हणायचं ते सगळं येतं मला,
साठेक माणसं पोचवलीत मी ह्या गावात,
कोणाला पहाडाची उपमा, कोणाला झऱ्याची.
"सदर वृक्ष," एवढंच आलं तोंडात.
"सदर वृक्ष..."
त्सियाला मान खाली घालून थांबली होती,
मी पुढचं म्हणेन म्हणून.

अक्रोडाच्या सालाचा डाग
महिना-दीड महिना टिकतो म्हणतात.
तळहात अजून काळे आहेत,
पण नखांच्या मुळाशी
गुलाबी दिसायला लागलंय.
मझिया साबण पुढे करते.
मी म्हणतो, राहू दे, नंतर,
आणि खुर्ची सरकवत सरकवत
उन्हातून बाहेर काढतो.